नऊ नंबरचा कोरडा रॉड

आमच्या ऑफिसच्या दारावर दर शनिवारी लिंबू-मिरची लटकते. ती बांधतात माझ्या सासूबाई आणि ती ज्या खिळ्याला लटकते, तो ठोकलाय मी. माझा विश्वास त्या खिळ्यावर. लिंबाचं लिंबानं बघून घ्यावं!

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या सदरात लिहिणाऱ्यांना कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाला चिंचेखाली हाक ऐकू येते. मला बावन्न वर्षांत मांजरसुद्धा आडवं गेलेलं आठवत नाही. गेलं असेल तर मी थांबलो नसेन. बायको म्हणते, "तुम्हाला भूत दिसलं ना, तर तुम्ही त्यालाही जॅक लावून बघाल."

मंडळी, भूत मला दिसलं नाही... पण जॅक मात्र मी लावला होता.

थांबा, नीट सांगतो. आधी माझा धंदा सांगायला हवा, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. मी भिंतीत लोखंडी रॉड चिकटवतो. हसू नका, यावर माझं घर चालतं. भिंतीत ड्रिलनं भोक पाडायचं, आतली धूळ ब्रशनं आणि हातपंपानं पार साफ करायची, बंदुकीसारख्या यंत्रानं आत रसायन भरायचं आणि रॉड फिरवत फिरवत घालायचा. रसायन घट्ट झालं की रॉड आणि वीट एकजीव. याला म्हणतात केमिकल अँकर. जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या गल्लीत माझं ऑफिस आहे. बाहेरची पाटी वाचूनही दिवसातून एखादा माणूस आत येऊन तुरीचा भाव विचारतोच.

रॉड बसवला की तो ओढून दाखवावा लागतो. त्यासाठी पोकळ पोटाचा छोटा जॅक असतो. तो रॉडभोवती बसवायचा, त्याचे पाय भिंतीला टेकवायचे आणि पंप मारायचा. जॅक भिंतीला रेटा देऊन रॉडला बाहेर ओढतो. किती किलोनं ओढतोय ते काटा दाखवतो. हा माझा आवडता भाग! बघायला गर्दी जमते, आणि गर्दी जमली की माझ्या अंगात येतं. (अंगात येणं म्हणजे नाटकातलं. दुसरं नाही.)

तर ही गोष्ट हसनाबादची, भोकरदन तालुक्यातली. तिथल्या बुद्धविहारात गॅलरी करायची होती. विहाराचा हॉल जुना, चांगला चाळीस फूट लांब, विटांच्या भिंतींचा. त्या भिंतींत ना कॉलम, ना बीम, ना सळई. नुसती विटेवर वीट. आतून एका लांब भिंतीला आठ लोखंडी ब्रॅकेट लावायचे, त्यावर फळ्या टाकायच्या आणि वर अभ्यासिका. हे सगळं डोक्यावर घेतलं होतं सुजाता मॅडमनी. त्या तिथल्याच, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका.

"सर, आमची पोरं बसस्टँडच्या कट्ट्यावर बसून अभ्यास करून राह्यली," मॅडम पहिल्याच फोनवर म्हणाल्या. "पोलीस भरती, तलाठी, नर्सिंग... चोवीस जण आहेत. त्यांत नऊ मुली. एष्टी आली की धूळ, गेली की धूळ. जयंतीच्या दिवशी मला ही पोरं वर बसलेली पाह्यची आहेत."

जयंती म्हणजे चौदा एप्रिल. आमच्या हातात होते आठ दिवस.

आता ब्रॅकेटचं गणित, एकदाच सांगतो. भिंतीला फळी ठोकून तिच्या पुढच्या टोकावर तुम्ही बसलात, तर वरचा खिळा बाहेर ओढला जातो आणि खालचा आत दाबला जातो. म्हणजे गॅलरीतल्या चोवीस पोरांचा जीव वरच्या रॉडांवर. आठ ब्रॅकेट, प्रत्येकाला वर दोन, म्हणजे सोळा रॉड. भिंतीची जाडी मी स्वतः दरवाजाजवळ मोजली. चौदा इंच, दीड विटेची, टणक. ड्रॉइंगवरही तेच लिहिलं होतं. रॉड जाणार चार इंच आत. म्हटलं, किरकोळ काम!

पहिल्या दिवशी मॅडमच्या आई चहा घेऊन आल्या. गयामावशी. वय ऐंशीच्या पुढं, पण किटली स्वतः उचलून आल्या होत्या. कप माझ्या हातात दिला आणि भिंतीवर तळवा ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"ही भिंत आमच्या मिस्त्रीनं बांधेल हाय," त्या म्हणाल्या. मिस्त्री म्हणजे त्यांचे मालक, आनंदा मिस्त्री. वारून बारा वर्षं झालेली. "जाताना दोन महिने एकच बोलून राह्यले. 'भिंतीला दाबा, पण ओढू नका.' पाणी पाजलं तरी तेच, कूस बदलली तरी तेच. डाक्टर म्हणले, भ्रमात हायेत."

"मावशी," मी म्हणालो, "मी तर पोटच भिंती ओढून भरतो!"

माणसं हसली. मॅडमही हसल्या. मावशी हसल्या नाहीत. "तुम्ही शिकेल माणसं," एवढंच म्हणाल्या आणि रिकामे कप गोळा करून गेल्या.

आता युसूफभाई. माझा ड्रिलवाला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, वीस वर्षं माझ्यासोबत. या माणसाची एक सवय आहे. आमच्याकडं भोक उघडं ठेवलं की तासाभरात कुंभारमाशी येऊन त्यात मातीचं घर बांधायला लागते. म्हणून युसूफभाई सगळी भोकं पाडून साफ करतात आणि सगळ्यांत रॉड कोरडेच खोचून ठेवतात. मग एकेक रॉड काढायचा, रसायन भरायचं, परत घालायचा. परत घालताना जास्तीचं रसायन बाहेर येतं आणि रॉडभोवती करड्या रंगाची गोल कॉलर तयार होते. भरलेल्या रॉडची ती खूण.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ते काम केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी जॅक घेऊन हजर.

अर्धं गाव जमलेलं. मी बाह्या सरसावल्या. प्रत्येक रॉडवर गॅलरीमुळं येणार होते साडेतीनशे किलो. आपण दुप्पट ओढणार, सातशे. क्रिकेटच्या समालोचनासारखं माझं सुरू झालं. "एक नंबर... पाचशे... सहाशे... सातशे! काटा स्थिर! एक नंबर पास!" टाळ्या. दोन पास. तीन पास. आठपर्यंत असंच.

नऊ नंबरला सातशे झाले आणि मागून एक जण ओरडला, "साहेब, अजून मारा की पंप! वर आमचा दत्तू बी बसणार हाय!"

दत्तू बाजूलाच उभा होता. त्याच्याकडं बघून मला सूचना रास्त वाटली. मारला पंप. आठशे. साडेआठशे. नऊशे! काटा दगडासारखा. रॉड केसभर हलला नाही. मी हात वर केला, लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि दत्तूनं वाकून नमस्कार केला. दारात गयामावशी उभ्या होत्या. "ओढून राह्यला का रे भिंतीला?" एवढंच बोलल्या. त्या गोंगाटात मी तिकडं लक्ष दिलं नाही.

सोळाच्या सोळा पास. मी मॅडमना म्हणालो, "उद्या फळ्या टाका. जयंतीला पेढे माझ्याकडून."

गर्दी पांगली. युसूफभाई सामान गोळा करत होते. करता करता थांबले, भिंतीजवळ गेले, डोळे बारीक करून बघितलं आणि माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा असा मी फक्त एकदाच पाहिला होता, त्यांच्या मुलीच्या लग्नात जेवण कमी पडलं तेव्हा.

"साब... नौ नंबर का कॉलर किधर है?"

मी गेलो. आठला कॉलर. दहाला कॉलर. नऊला—काही नाही. रॉडभोवती नुसती लालसर गोल फट.

"युसूफभाई, नऊ भरला होता का?"

ते आठवायला लागले. "आठ भर्‍या... फिर मौसी चाय लेके आयी... चाय पिया..." आणि कपाळावर हात मारला. "साब, नौ में माल डाल्याच नै मैं! चाय के बाद सीधा दस पकड्या!"

"काहीतरीच काय बोलता! नऊशे किलो धरलेत त्यानं. तुमच्यासमोर."

"मेरे सामनेच धर्‍या. वोईच तो बोल रहा हूँ."

मी पुढं झालो, अंगठा आणि एक बोट रॉडला लावलं... आणि मंडळी, तो रॉड उदबत्तीच्या घरातून काडी निघावी तसा बाहेर आला. अलगद! कोरडा! त्यावर रसायनाचा एक थेंब नाही, फक्त विटेची लाल भुकटी.

मॅडम अजून तिथंच होत्या. त्यांनी रॉड हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

पहिलं बोलल्या त्या मॅडम. विज्ञान शिकवतात. "सर, काटा बिघडला असेल."

ठीक. दहा नंबरला जॅक लावला, काटा बराबर. मग कोरडा रॉड परत नऊमध्ये घातला आणि जॅक लावला. एक पंप... आणि रॉड सुटून फरशीवर! टण्ण! काटा शून्यावरून हललासुद्धा नाही. म्हटलं, रॉड मघाशी तिरका अडकला असेल. तिरका घातला. टण्ण. धूळ घालून बसवला. टण्ण. युसूफभाईंनी वरून हातोडीनं ठोकून बसवला. तरीही टण्ण. शेजारी चार पोरं होती, ती प्रत्येक टण्णला एक आकडा मोजत होती. अकरा वेळा करून बघितलं. नऊशे किलो सोडा, नऊ किलोसुद्धा त्यानं परत धरले नाहीत.

माझी अवस्था विचारू नका. भीती नव्हती ती. इतकी वर्षं ज्या काट्यावर पोट भरलं, तो काटाच माझ्याकडं बघून डोळा मारतोय असं वाटायला लागलं. शेवटी, काही सुचेना म्हणून, नुसता हात चालू ठेवायचा म्हणून मी म्हणालो, "युसूफभाई, हेच भोक अजून खोल करा. ही वीट आहे तरी काय, बघू तर!"

युसूफभाईंनी ड्रिल लावलं. भोकातून लाल भुकटी यायला लागली. लाल... लाल... अर्धा इंच गेला असेल, तोच ड्रिल धस्सकन आत घुसलं. युसूफभाईंचा तोल गेला. त्यांनी बिट बाहेर ओढलं आणि त्यासोबत जे बाहेर पडलं ते लाल नव्हतं.

काळी माती. शेतातली.

मी गुडघ्यावर बसलो. माती चिमटीत घेतली. मॅडमनीही थोडी तळहातावर घेतली. मग बाकीच्या रॉडांच्या मध्ये मध्ये नवी भोकं पाडली. चार ठिकाणी. साडेचार इंच लाल, आणि मग काळी. साडेचार इंच लाल, आणि मग काळी. भिंत चौदा इंची होती, पण ती दीड विटेची नव्हतीच. बाहेरून अर्ध्या विटेची पडदी, आतून तशीच एक, आणि मध्ये माती. दरवाजाशी तेवढी पूर्ण विटेची होती, जिथं मी टेप लावून शहाणपणा केला होता.

आणि मग मला ते कळलं. आमचे सोळा रॉड आतल्या साडेचार इंची पडदीतच चिकटवलेले होते, आणि पडदीला मागून धरणारं कुणी नव्हतं. मग टेस्ट पास कशी झाली? अहो, जॅकचे पाय त्याच पडदीवर टेकलेले! जॅक रॉडला ओढत होता आणि स्वतःच पडदीला दाबून धरत होता. गॅलरी पडदीला दाबून धरणार नव्हती. गॅलरी नुसती ओढणार होती. जयंतीला चोवीस पोरं वर चढली असती, आणि रॉड पक्के राहिले असते—विटांना चिकटून, अख्ख्या पडदीसकट खाली आले असते.

आता नीट ऐका, खरी गोम इथं आहे. तो कोरडा रॉड पहिल्याच पंपाला टण्णकन पडला असता तर काय झालं असतं? काही नाही! युसूफभाई म्हणाले असते, "माफ करो साब, भूल गया." आम्ही हसलो असतो, रसायन भरलं असतं, कागदावर सोळा पास लिहिलं असतं. तो पडला नाही म्हणून आम्ही थांबलो. जे धरायला नको होतं, ते त्यानं धरलं... म्हणून!

गयामावशी कधी आत आल्या, कळलं नाही. मॅडमच्या हातावरची काळी माती त्यांनी बोटानं चाचपली.

"त्या साली भट्टी भिजल्ती," त्या हळू म्हणाल्या. "घरटी शंभर विटा थापल्या होत्या आम्ही बायांनी. कुणाच्या विटा कोणत्या ते कळावं म्हून खूण करायचो, कुणी दोन बोटं उठवायची, कुणी अंगठा. भट्टी लावायच्या आधी रात्रीतून अवकाळी पाणी आलं. निम्म्याचा चिखल झाला. जयंती तोंडावर आल्ती. गावात बोंब झाली, आता विहार होत न्हाई... अन् हे म्हणले, होतो. दुपारच्याला समदे रानात गेले की एकटेच काम करायचे. भिंत उभी राह्यली. पुरल्या कशा विटा, हे मी इचारलंच न्हाई."

मॅडम आईकडं बघत राहिल्या. "आई, अन् बाबा ते म्हणायचे..."

"भ्रमात नव्हते गं," मावशी म्हणाल्या. "मलाच समजलं न्हाई." आणि भिंतीवर तळवा ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

मग मी पाच दिवसांत जेवढं धावलो, तेवढं लग्नातही धावलो नव्हतो. ज्यांनी गॅलरीचं डिझाइन केलं होतं त्या इंजिनियरना फोन केला. त्यांनी आधी पाच मिनिटं मला झापलं, मग दुसरं ड्रॉइंग पाठवलं. जुने रॉड रद्द. आता रॉड भिंतीच्या आरपार, आणि बाहेरच्या अंगाला प्रत्येकावर दहा इंची चौकोनी पोलादी प्लेट. मधल्या मातीत रॉडांभोवती सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ कालवून आत भरलेलं सिमेंट. आणि गॅलरीच्या पुढच्या कडेखाली चार लोखंडी खांब, म्हणजे भिंतीवर ओढ जवळपास येऊच नये. टेस्टही परत घेतली. या वेळी जॅकखाली लांब पायांची घोडी ठेवून, रॉडाजवळच्या भिंतीला न दाबता. दत्तू पंप मारायला होता. मी समालोचन केलं नाही. गपचूप आकडे लिहिले.

पाचव्या ब्रॅकेटपाशी प्लास्टर काढलं, तेव्हा नऊ नंबरचं भोक ज्या विटेत होतं ती वीट उघडी पडली. तिच्यावर अंगठ्याचा ठसा. मॅडमनी आईला विचारलं, अंगठा कुणाच्या घरचा? मावशी म्हणाल्या, "आपल्याच." मी त्यावर काही म्हणणार नाही. निम्म्या गावानं अंगठाच उठवला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. भोक मात्र आम्ही तसंच ठेवलं आणि नवा रॉड शेजारून घेतला.

चौदा एप्रिल. निळे झेंडे, ढोल, पांढरे कपडे. वंदना झाली आणि मॅडमनी पोरांना वर जायला सांगितलं. मी नेमका गॅलरीच्या खाली जाऊन उभा राहिलो. सोबत आलेली बायको म्हणाली, "इकडं पंख्याखाली या की." म्हटलं, मी इथंच बरा. पोरं चढायला लागली. एक, दोन, दहा, चोवीस... आणि शेवटी दत्तू, बोलावलं नसताना! मी वर बघत होतो. कुठं करकर नाही, कुठं धूळ नाही. वरून फक्त एका मुलीचा आवाज आला, "ए, खिडकीजवळची जागा माझी हाय बरं का!"

गयामावशी माझ्याजवळ आल्या. डोळ्यांवर हात धरून आधी आत बघितलं, मग बाहेर जाऊन भिंतीवरच्या त्या सोळा प्लेटा बघून आल्या.

"लेकरा, खरं सांग. आता भिंतीला ओढलं का दाबलं?"

"दाबलंय, मावशी. बाहेरून. चांगलं घट्ट."

"मंग बराबर," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसल्या. "मंग बसू द्या लेकरं."

या गोष्टीला आता तीन वर्षं होत आली. त्या अभ्यासिकेतल्या दोन मुली पोलिसात लागल्या. तो रॉड माझ्या टेबलावर असतो, तुरीचा भाव विचारायला येणारे त्याला हमखास हात लावतात. मी कितीतरी जाणकारांना विचारलं. कुणी म्हणतं, रॉडचा आटा विटेत रुतला असेल. कुणी म्हणतं, तुम्ही गडबडीत आठ नंबरच दोनदा ओढला असेल. मग नऊच्या भोकाभोवती प्लास्टरमध्ये खोल रुतलेला जॅकच्या पायांचा ठसा कुठून आला? युसूफभाईंना विचारलं तर ते बिडी विझवून शांतपणे सांगतात, "कुछ नै साब. बुड्ढे मिस्त्री ने आप कॉलर देखने आने तक पकड के रख्या था, फिर छोड दिया."

मला ते मान्य नाही. पण माझ्याकडं दुसरं काही नाही. पहिल्या टेस्टचा तो कागद मी अजून जपून ठेवलाय. नऊ नंबरसमोर एका रकान्यात नऊशे लिहिलंय, त्याच्याच खाली अकरा वेळा शून्य. शेवटचा रकाना असतो शेऱ्याचा. तो तीन वर्षं कोरा आहे.

झोप मात्र, खरं सांगतो, फार छान लागते.